गजाले गुंडाळलेली ओढणी

प्रिय निकिता,

तुई भाची आता बरी हाय. पोट दुखते म्हनून रडत नाई, भाकर मागून खाते.

दिवाळीले तू पुण्याहून माहेरी आली अन् जुन्या घराचे रंग तपासायची तुई ती काडी आपल्या खिडकीच्या गजावर घासली. निळ्या रंगावर काडी लाल झाली. "वहिनी, यात शिसं हाय. वैभवी गज चाटते, तिच्या आंगात जाईन," तू म्हनली. पोळ्याले बैलाच्या शिंगाले लावून उरलेला रंग तुया भाऊ दरसाल त्याच गजाले लावते. त्याच्या मनाले ते लागलं. "माया बापाच्या घरात जहर दाखवाले आली काय?" म्हनला. तू जेवली नाई, मेडशीच्या फाट्यावर जाऊन एस्टी धरली. पण जाताना आपली ओढणी गजाले गुंडाळून गेली.

ती ओढणी पाहूनच मले हिंमत आली. मी पोरीचं रक्त तपासून आनलं. शिसं निघालं. डॉक्टर म्हनले, बरं झालं लवकर आनलं. त्याच दिवशी तुया भावानं अख्खी खिडकी काढली.

निकिता, माई पोर तुयामुळं हसून राह्यली.

हे पत्र मी टाकत नाई. उद्या तुया भाऊ सोता तुले आनाले येऊन राह्यला. माफी त्याच्या तोंडातून निघन, असं मले वाटत नाई. पण तुई ओढणी त्यानं आपल्या हातानं धुतली, घडी करून पिशवीत ठेवली.

त्यानं आजवर सोताचा रुमाल धुतला नाई.

तुई वहिनी,
योगिता