वळताना वाकणारी गाडी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी १०.४०
बरोबर दहा चाळीसला पार्किंगमधल्या खांबाने माझ्या गाडीला धडक दिली. डाव्या बाजूला. या वर्षातली चौथी. वॉचमन दौलत धावत आला. त्याने आधी खांब तपासला, मग मला विचारलं, लागलं नाही ना? सोसायटीत कोणाला किती मान आहे ते कळलं.

दुपारी
सेक्रेटरी कर्णिकांनी चुगली केली. आसावरी ऑफिस सोडून घोडबंदरहून हजर. म्हणे, आई, आता एक जरी ओरखडा आला ना, तर किल्ली माझ्याकडे. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं चालवतेय. ती म्हणे, हो, आणि अठ्ठावीस वर्षं बाबा शेजारी बसून ‘डावीकडे बघ, डावीकडे’ ओरडत होते.
हिला कॉन्व्हेंटमध्ये घालायला हवं होतं. ह्यांनी ऐकलं नाही.

५ नोव्हेंबर
निदान झालं! डोंबिवलीहून बहिणीचा सुश्रुत आला होता. त्याचं तिथे गॅरेज आहे, शर्यतीच्या गाड्या तयार करतो. त्याने सहज सांगितलं की गाडीच्या बॉडीचे पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडलेले असतात. जोरात वळलं की बॉडी पिळते. म्हणून शर्यतीच्या गाडीत सगळ्या जोडांवर वेल्डिंगचे टाके घालतात. मग बॉडी ताठ.
मी चहा खाली ठेवला. म्हणजे मी बरोबरच वळवते. गाडी वाकते!
तो म्हणाला, अगं मावशी, केसभर. आणि तेही शंभरच्या स्पीडला. पार्किंगमध्ये तू...
वाक्य अर्धवट सोडायची सवय वाईट.

८ नोव्हेंबर
गाडी डोंबिवलीला रवाना. सुश्रुतने चालवली. कुठे कुठे वाकते ते मी वाटेत दाखवत होते. आसावरीला सांगितलं, सर्व्हिसिंग.

१२ नोव्हेंबर
देखरेखीला गॅरेजमध्ये गेले. सीट, गालिचे, सगळं बाहेर. सुश्रुत इंचभर वेल्डिंग करतो, इंचभर जागा सोडतो, मग भलतीकडेच जाऊन दुसरा टाका. मी विचारलं, हा काय धावदोरा? आमच्या शिवणाच्या तासाला सिस्टर बर्नडेटनी हे सगळं उसवायला लावलं असतं. सलग हवं.
तो म्हणे, मावशी, सलग केलं तर पत्रा तापून ओढला जाईल. दार बसणार नाही.
मी म्हटलं, ज्याचा हात जड, त्याचं कापड ओढलं जातं.
काळी काच डोळ्यांपुढे धरून उभी राहिले आणि माझ्या बाजूच्या दाराची चौकट सलग करून घेतली. बाकीचं तो उद्या करणार. उद्या येऊ नकोस म्हणाला. धुराचा त्रास होईल म्हणून. मायाळू आहे.

१९ नोव्हेंबर
गाडी तयार. सुश्रुतने विचारलं, डावी सीट बसवू का? शर्यतीच्या गाडीत काढतात, वजन कमी होतं. मी म्हटलं, बसव. ती ह्यांची जागा आहे. त्याने सीट उचलून आत ठेवली.
माझं दार लागायला दोन माणसं ढकलायला लागतात. म्हणजे काम घट्ट झालंय.

२० नोव्हेंबर
शीळफाट्यापर्यंत ट्रॅफिक, पुढे खड्डे. गाडीचा एक सांधा वाजला नाही. माझे सगळे वाजले.
आसावरी आणि कर्णिक यांना मुद्दाम पार्किंगमध्ये उभं केलं होतं. बघा म्हटलं. वळले.
गाडी अजिबात वाकली नाही. खांबाचं प्लास्टर पडलं, आतली सळई दिसतेय. गाडीवर फक्त ओरखडा. सुश्रुतच्या कामाला दहापैकी नऊ.
दार मात्र उघडेना. दौलत ओढतोय, कर्णिक ओढतायत, वरून बायका बघतायत. शेवटी गिअरवरून पाय टाकून डाव्या सीटवर आले. तिथे जरा बसले. तिथून खांब अगदी स्वच्छ दिसतो. न दिसायला काय झालं?
आसावरीने हात पुढे केला. मला वाटलं, आधाराला.
किल्ली घेऊन गेली.

२२ नोव्हेंबर
कर्णिकांना पत्र दिलं: खांब हलवावा. ते जिन्यातच म्हणाले, अहो सुमेधाताई, त्यावर चौदा मजले उभे आहेत. तोंडी उत्तर ग्राह्य नाही.
दुसरं पत्र आसावरीला. अजून दिलेलं नाही. मजकूर असा: किल्ली तुझ्याकडेच ठेव. पण रविवारी सकाळी ती घेऊन यावंस आणि तासभर डाव्या सीटवर बसावंस. गाडी कशी चालवावी याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. ‘डावीकडे बघ’ एवढं चालेल. जमेल की नाही ते २९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं.