नकाशामागची ओल

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तू कशी आहेस? (खरं उत्तर दे. 'चाललंय आपलं' हे मी बारा वर्षं ऐकतेय, आणि तेवढीच वर्षं तू रक्तवाढीच्या गोळ्या गिळतेयस.) पाच तारखेला तुझीही तपासणी आहे असं काल भावजींकडून कळलं. त्याबद्दल शेवटी लिहिते. पत्र त्यांना मोठ्याने वाचायला देऊ नकोस, ते मधेमधे हसतात आणि माझा मुद्दा राहून जातो.

तर माझ्या पोटाचा निकाल लागला, पण त्याआधी माझी जी शोभा झाली ती ऐक. पोट फुगणं, वजन उतरणं, रक्त कमी असणं, या सगळ्यावरून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सीलियाकचा संशय आला. म्हणजे गहू पोटात गेला की शरीर आपल्याच आतड्यावर हात उगारतं. त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली आणि ते दोन महिने परगावी गेले. परतल्यावर रिपोर्ट दाखवा म्हणाले. आता हाताशी दोन महिने आहेत म्हटल्यावर मी काय करणार? तयारी! आपल्या मिशनच्या शाळेत इन्स्पेक्टर यायचे असले की सिस्टर आपल्याकडून आठवडाभर आधी बाकं घासून घ्यायच्या, शाईचे डाग चुन्याने झाकायच्या, आठवतं ना? माझ्या हाडात ते मुरलंय. पाव बंद, बिस्किटं बंद, पिठाचा डबा शेजारणीकडे, टोस्टर माळ्यावर. आमच्या ह्यांनी चहाबरोबर चोरून बिस्किट खाल्लं तर तो टेबलाचा कोपरासुद्धा मी पुसून काढायची. दोन महिन्यांनी लॅबच्या खुर्चीत दंड पुढे करून बसले तेव्हा पोट हलकं होतं, चेहऱ्यावर तेज होतं, आणि आत गव्हाचा कण नव्हता.

रिपोर्ट आला, अगदी निर्दोष! मी तो प्रगतिपुस्तकासारखा ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं तू नुसती कुरकुरच करत होतीस तर." संध्याकाळी विजयी मुद्रेने गोड पाव घेऊन आले. मी दोन खाल्ले. पुढचं लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील.

शेवटी पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. (वयाने माझ्या लेकीएवढी, नजर मात्र आपल्या मोठ्या सिस्टरांची.) रिपोर्ट उघडण्याआधीच तिने विचारलं, "रक्त दिलंत तेव्हा गहू खात होतात?" मी मान ताठ करून म्हटलं, "छे! दोन महिने शिवले नव्हते." तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, ही तपासणी भांडणाचा आवाज ऐकते. तुम्ही भांडणाऱ्यांपैकी एकाला घराबाहेर काढलंत आणि मग आम्हाला दाराला कान लावायला सांगताय."

ताई, मला एकदम तुझ्या वर्गातला तो जगाचा नकाशा आठवला. खिडकीपाशी भिंतीला ओल धरली होती आणि इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी सिस्टरांनी तिच्यावर नकाशा टांगला. (दोरी मीच आणून दिली होती, शाबासकीही मिळाली.) साहेबांनी 'वर्ग उत्तम' असा शेरा लिहिला. आणि उत्तम भिंत दुरुस्त कोण करतं? पुढं वर्षभर तू त्या ओलीला टेकून खोकत होतीस. मी माझ्या आतड्यावर तोच नकाशा टांगून आले होते.

शिक्षा झाली: सहा आठवडे रोज दोन स्लाइस, एक दिवसही नागा नाही. पाव भाजायचे आमचे हे, कळवळायची मी. मग पुन्हा रक्त, आणि सोबत एक जोडतपासणी. काहींच्या रक्तात ज्या जातीची प्रतिद्रव्यं मोजायची तीच मुळात कमी असतात, मग रिपोर्ट उगाचच चांगला येतो. (वर्गात मुलंच नसतील तर 'गोंगाट नाही' या शेऱ्याला काय अर्थ?) माझ्या वर्गात मुलं भरपूर निघाली आणि गोंगाट तर विचारू नकोस! मग घशातून नळी घालून लहान आतड्याचे कणभर तुकडे काढले. गुंगी येता येता मी 'थँक्यू, डॉक्टर' म्हटलं म्हणे. तुकड्यांचा निकालही तोच आला, आणि आजार पक्का झाल्याचा इतका आनंद झालेली बाई त्यांनी पाहिली नव्हती. ह्यांनी न सांगता आपला पाव वेगळ्या डब्यात, वेगळ्या फळीवर हलवला. 'कुरकुर' हा शब्द त्या दिवसापासून घरात कोणी उच्चारलेला नाही.

तुझी,
आता रीतसर आजारी असलेली धाकटी

ता. क. डॉक्टरीणबाई म्हणते, सख्ख्या बहिणीचीही तपासणी झालीच पाहिजे. अडचण एवढीच, की पाच महिन्यांपूर्वी माझ्या तयारीच्या भरात 'तूही गहू सोड' असा हुकूम तुला मीच फोनवरून सोडला होता, आणि तू तो पाळते आहेस. जन्मात पहिल्यांदा तू माझं काही ऐकलंस, ते मागे घ्यायचं जिवावर आलं गं. पण पाच तारखेला तू अशीच गेलीस तर रिपोर्ट उत्तम येईल, भावजी 'बघ, काही नाही तुला' म्हणतील, आणि तू आणखी बारा वर्षं गोळ्या गिळशील. तारीख पुढे ढकल, तुझ्या डॉक्टरांना सगळं खरं सांग, आणि ते म्हणतील तितके आठवडे गहू खा. नकाशा काढ, ताई.

आणखी एक ता. क. बरं वाटतंय म्हणून तू गहू पुन्हा तोंडात घालणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी येऊन राहते. पाव मी भाजून देईन, समोर बसेन. मधल्या सुट्टीत मी माझा पाव तुझ्या डब्यात सरकवायची, तुला वाटायचं धाकटीची माया. सिस्टर तर प्रार्थनेच्या वेळी माझं उदाहरण द्यायच्या. माया नव्हती गं, पोट दुखायचं. आणि तू दोघींचा खाऊन दुपारभर बाकावर डोकं टेकून पडायचीस, ते मला आत्ता कळतंय.

या वेळी मात्र मायाच आहे. खा.