देवाच्या कोनाड्यातली डबी

१२ डिसेंबर, सकाळ.
आजपासून रोजनिशी. मी बोलणार, मैत्री लिहिणार. मैत्री म्हणजे माझी नात, चिंतामणीची पोरगी. इथं बेल्याला नोकरीला आहे, माझ्याजवळ राहते. मला अक्षर येत नाही, अक्कल येते. वाचणार कोणी नाही, तेव्हा खरं तेच सांगणार.
खरं हे की मला थंडी वाजत नाही. गुडघे कुरकुरतात, ती त्यांची सवय. पण माझ्या पोरानं, चिंतामणीनं, हैदराबादेत बसून ठरवलं की आईच्या खोलीची भुई गरम करायची. फरशीखाली प्लास्टिकच्या नळ्या, नळ्यांत गरम पाणी. शी! भुईच्या पोटात आतडी भरली. तरी संक्रांतीपर्यंत गुडघे सुधारले नाहीत तर मला हैदराबादला नेणार म्हणे, सातव्या मजल्यावर. तिथली शेजारीण दार उघडत नाही. जाणार नाही. म्हणून भुई गरम झालीच पाहिजे. देखरेख माझी.

१४ डिसेंबर.
भगवानराव वायरमन आले. जन्मभर शेतातल्या मोटारींचे स्टार्टर जोडले, मिशी तशीच कडक. त्यांनी एक डबी आणली. ती भिंतीवर बसून खोली किती गरम ते ओळखते. गार असली तर तारेतून पंपाला आणि वाल्वला हुकूम सोडते, गरम पाणी धावतं. चोवीस डिग्री झाली की बंद. चिंतामणीला सगळं तिकडं मोबाइलवर दिसतं. एवढी चुगली सुनेनंसुद्धा कधी केली नाही.
भगवानराव म्हणाले, दाराजवळ लावू. दाराजवळ काऊन, चपलांच्या सोबतीला? जागा मी दाखवली. देवाच्या कोनाड्यात. देवाच्या नजरेखाली यंत्र नीट वागतं. देव आणि दिवा तेवढ्यापुरते स्वयंपाकघरात नेले. तारा जोडल्या. टक्. पंप घुरघुरला. दोन तासांत भुई ऊन. डबीला हळदकुंकू लावलं, देव जागेवर, डबीच्या बुडाशी दिवा. दिवसभर तेवत ठेवायचं ठरवलं.

१५ डिसेंबर.
भुई गार. भगवानरावांनी तार उलटी जोडली असणार.

१७ डिसेंबर.
भगवानराव आले. हात जोडून देव स्वयंपाकघरात हलवले, डबी उघडली. तारा बरोबर आहेत म्हणे. टक्, घुरघुर, भुई ऊन. चहा पिऊन गेले. मी देव परत आणले आणि खुशीनं दोन दिवे लावले. संध्याकाळी भुई बर्फ.
डबी भगवानरावांच्या मिशीला भिते. दुसरं काही नाही.

२३ डिसेंबर.
चिंतामणीचा फोन. म्हणे, आई, तुझी खोली एकतीस डिग्री आहे, मोबाइलवर दिसून राह्यलं. म्हटलं, मोबाइलचे पाय माझ्या भुईला टेकव, मग सांग. त्यावर बायकोला हळूच म्हणाला, एकतीसमध्येही आईला थंडी वाजते, म्हणजे हाडात शिरली, मोठ्या डॉक्टरला दाखवावं लागेल. मला ऐकू आलं.
थंडी वाजते असं मी कुठं म्हटलं? शाल सवयीनं घेते. दुसरी शालही सवयीनंच.

३० डिसेंबर.
भगवानराव तिसऱ्यांदा. पंप खोलला, वाल्व खोलला, देव हलवून डबीच नवी बसवली. ते होते तोवर भुई छान. गेले, गार. जाताना त्यांना म्हटलं होतं, भाऊ, तुमी इथंच राहायला या, नाई तर मिशी ठेवून जा. तर म्हणतात, आजी, मिशीवर घरच्या बाईचा हक्क हाय.
नवी डबी आली म्हणून पाच दिवे. माझ्याकडून कसूर नको.

५ जानेवारी.
मोबाइलवर अडतीस! चिंतामणी ओरडला, आई, उकडून मरशील, दार उघड. उघडलं. मैत्री शिंकून शिंकून बेजार. थू त्या डबीवर. देवाजवळ बसून खोटं बोलते, लाज नाही.

१३ जानेवारी.
चिंतामणी गाडी घेऊन आला. मोजे घालून भुईवर उभा राहिला आणि म्हणाला, ठीक तर आहे. माझी पेटी भरली. उद्या सकाळी निघायचं. म्हटलं, तिळगूळ इथंच खाईन. म्हणे, तिकडं दुकानात पाकीट मिळतं. शी!
उद्या दाराची चौकट धरून बसणार. चार माणसं लागली तरी हलणार नाही.

१४ जानेवारी.
चौकट धरली. गुडघ्यांनी सोडली.
चिंतामणीनं पेटी उचलली. मैत्री मात्र ही वही घेऊन पानं उलटत बसली होती. म्हणाली, आजी, तूच सांगितलं, मीच लिहिलं. देव स्वयंपाकघरात गेले की भुई गरम. देव कोनाड्यात आले की गार. उठली आणि पाचही दिवे नेऊन ओट्यावर ठेवले. अर्ध्या तासानं टक्. घुरघुर. चिंतामणीनं पेटी खाली ठेवली, मोजे काढले, आणि भुई ऊन होईस्तोवर तसाच उभा राहिला.
महिनाभर डबी माझ्या दिव्यांवर शेकत होती, आणि मी काकडत होते.
पेटी रिकामी केली. आता मी इथंच.
मग चिंतामणी फोनवर भगवानरावांना झापायला लागला, कोनाड्यात डबी लावायची अक्कल कोणाची? मी आढ्याकडं पाहिलं. मैत्रीनं चौदा डिसेंबरचं पान काढून मोठ्यानं वाचलं.
तिला म्हटलं, खोडून टाक ते. म्हणते, आजी, पेनानं लिहिलंय.