बटण एकवर राहिलं

३० मार्च २००३, ऊर्जानगर

रोल धुऊन आला. सगळा वाया! धावत्या चितळाबरोबर लेन्स फिरवत गेलो, आणि फोटोत चितळाची नुसती रेघ. मागचं झाड मात्र लख्ख. दुकानातल्या भूपेशने कारण सांगितलं. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून या लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे, त्याचं बटण एकवर होतं. एकवर तो सगळीच हालचाल रोखतो. मी मुद्दाम लेन्स फिरवतोय हे त्याला कळत नाही, तो मागचंच धरून बसतो. दोनवर फक्त वर-खालीची थरथर आवरतो.

"चालतं-पळतं जनावर असन त दोन, भाऊ. ध्यानात ठेवा."

एवढ्या हौसेने नागपूरहून आणलेली लेन्स. गाढव मी.

५ एप्रिल

तीन दिवस सुट्टी, इसरूच्या गावी. चार वर्षं तोच मला जंगल दाखवतो. आज नाल्यावर वाघिणीचे ताजे ठसे! पण सकाळी तिथेच बाया मोहफुलं वेचतात, आणि वेचताना सारख्या एकमेकींना हाका मारतात. वाघीण येणार कशी? इसरूला म्हटलं, उद्याची एक सकाळ त्यांना गप्प राहायला सांग.

त्याने आधी नाही म्हटलं. मग — "हाका देल्याबिगर मोहं नाई येचत, भाऊ. वाघाले समजाव लागते, इथी मानूस हाय म्हनून."

त्याची बायको बुधरी चुलीपाशी होती. "एक दिवस नाई बोललो त काय होते? भाऊ एवढ्या दुरून आले."

तिने रांधलेला भात आणि लाखोळीची डाळ पोटभर जेवलो.

६ एप्रिल

आज एकही हाक नाही. वाघीण आली. नाल्यातून, दबत, डावीकडून उजवीकडे. तिच्याबरोबर लेन्स फिरवत गेलो. आठ फ्रेम.

किंचाळी नंतर ऐकू आली. बुधरी. गेली.

७ एप्रिल

लिहवत नाही.

१० एप्रिल

ड्यूटीवर आहे. लक्ष नाही. मोहाची झाडं तिथे घराघरात वाटलेली असतात. गावात म्हणतात, बुधरी आपलं झाड सोडून आत झाडीत गेली असेल. मी निघताना इसरूही तेच म्हणाला. "आपल्या झाडाखाली असती त भाऊले दिसली असती."

मी मान हलवली. मला कोणी दिसलं नव्हतं. खरंच नव्हतं. वाघीण सोडून काहीच दिसत नव्हतं.

रोल अजून कॅमेऱ्यातच आहे.

१९ एप्रिल

शेवटी धुऊन आणला. भूपेश हळू आवाजात म्हणाला, "बटन एकवरच राह्यलं, भाऊ."

वाघीण म्हणजे पिवळट फराटा. मागचं सगळं लख्ख. इसरूचं मोहाचं झाड, खाली टोपली, टोपलीशी वाकलेली बुधरी. पाचव्या फ्रेमपासून आहे. सातव्या फ्रेममध्ये तिने मान वर केली आहे. वाघीण तिला दिसली आहे.

तोंड मिटलेलं आहे. मी गप्प राहायला सांगितलं होतं.

२७ एप्रिल

इसरू आला होता, बसने. "भाऊ, तुमी एवढे फोटो काढता. बुधरीचा एखादा असन त द्या. घरी एक बी नाई."

नाही म्हणालो. बसपर्यंत सोडायला गेलो. सातवा फोटो शर्टाच्या खिशात होता.