दुकान विशाखाला, मंगळवारची संध्याकाळ सभेला

मी, साहेबराव किसन सोनकांबळे, वय अडुसष्ट, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार मुखेड, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. 'शुद्धीत' या शब्दावर घरात कोणी हसू नये. डॉक्टरांनी तपासून सही दिली आहे. ही शुद्धी ज्यांच्यामुळे आली त्यांचे आभार मानावेत, म्हणूनच खरे तर हा कागद केला.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नी महामाया हिची. तिच्यानंतर घर आदर्श व विशाखा या माझ्या दोन मुलांना समान. मी तिला काही देतो आहे असे कोणी समजू नये. नांदेडला दारू सोडणाऱ्यांची सभा भरते, हे तिला दवाखान्याच्या बाकावर एका बाईकडून कळले. मला सांगण्याआधी ती एकटी एस.टी.ने जाऊन जागा पाहून आली. म्हणाली, "जिना चढला की उजव्या हाताला खोली हाय. मी बघून आले. आता सापडली न्हाई म्हणून परत येऊ नका." माझी पळवाट तिने आधीच ओळखली होती. महामाया, तुझे उपकार मी तोंडाने कधी बोललो नाही, ते येथे लिहितो.

कलम २. रिवाइंडिंगचे मशीन, करंट फुटतो का ते तपासायचा मेगर व सगळे पाने आदर्शला. तो लातूरला चांगल्या नोकरीत आहे आणि घरचा पंखा बंद पडला की मिस्त्री बोलावतो. ज्याच्या बापाने निम्म्या तालुक्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरली, त्याने एवढे तरी शिकावे.

कलम ३. आता दुकान. दुकानाला लागून तीन शेजारी, तिघांशीही नालीवरून माझे बिनसलेले; त्यांतल्या एकाबद्दल लिहितो. मधल्या नालीवरून आम्ही वर्षानुवर्षे भांडलो, पंचायत झाली, बोलणे बंद झाले. त्याचे नाव लिहीत नाही. सभेत भेटलेल्याचे नाव बाहेर सांगायचे नाही, हा आमचा नियम आहे. माझे मी सांगू शकतो, त्याचे त्यानेच सांगावे.

सभेच्या पहिल्या रविवारी मी नांदेडच्या गाडीत बसलो, तर हा पुढच्याच सीटवर. भांडण विसरून त्याने विचारले, "कुठं निघालाव?" मी म्हणालो, तांब्याची तार आणायला. तो म्हणाला, "मी डोळे दाखवायला." रविवारी तारेची दुकाने बंद असतात हे त्याला ठाऊक होते, आणि डोळ्यांचा दवाखाना बंद असतो हे मला. नांदेडला उतरून तो एका गल्लीने गेला, मी मुद्दाम दुसऱ्या. आणि त्या जिन्यावर दोघे समोरासमोर! परतीच्या गाडीत आम्ही एका सीटवर बसलो. पुढे त्याच्याच आग्रहाने माझ्या दुकानात मंगळवारची सभा सुरू झाली.

हे दुकान सभेलाच द्यावे असे माझ्या मनात होते. पण सभा कोणाची मालमत्ता घेत नाही. चाकूरहून सभेला येणारी एक बाई म्हणाली, "दुकान घेतलं की भांडण लागंल, साहेबराव. अन् प्यायला आपल्याला कारणच पायजे असतंय." पटले.

म्हणून दुकान विशाखाला. तिने ते चालवावे किंवा भाड्याने द्यावे, पण मंगळवारची संध्याकाळ सभेची. आदर्शच्या मनात मोबाइलवाल्याला द्यायचे आहे. तो मंगळवारी शटर मोकळे सोडणार नाही. आदर्शने राग धरू नये.

अडचण एकच. विशाखा लातूरला शिक्षिका, दर मंगळवारी येऊ शकत नाही, आणि महामायाच्याने ते जड शटर उचलत नाही. मुखेडात किल्ली ज्याच्याकडे जाईल तो सभेतला, हे गावभर होईल. म्हणून सगळे गप्प आहेत, आणि मी कोणाला भरीस घालत नाही. किल्ली घेणारा कोणी निघाला नाही, तर सभेने पुन्हा नांदेडची गाडी धरावी. पण नवा माणूस तेवढ्या लांब जाणार नाही. महामाया नसती तर मी गेलो नसतो. रात्री झोप उडते ती या एका विचाराने.

कलम ४. विशाखाच्या लग्नात "घे की एक घोट, लई शहाणा झालास" म्हणणारा माझा मित्र उमाशंकर याला काही नाही. सभेत खुर्ची मात्र आहे. कधीही यावे.

कलम ५. माझा अंत्यविधी त्रिसरण-पंचशील घेऊन साधा करावा. हदगावपासून अनोळखी माणसे येतील, काही रडतील. ओळख कुठली, आडनाव काय, असे त्यांना विचारू नये. आमच्या सभेत आडनाव विचारत नाहीत. या मुलखात आडनाव न विचारता चहाचा कप हातात देणारी खोली मिळणे म्हणजे काय, ते मला विचारा. त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

व्यवस्थापक म्हणून विशाखाला नेमतो. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर साक्षीदारांसमोर वकीलबाईंकडून वाचून घेतला, तो माझ्या मनासारखा आहे.

मुखेड, १८ नोव्हेंबर २०२५
(सही) साहेबराव किसन सोनकांबळे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. गुरुपादप्पा शिवलिंग स्वामी, मुखेड
२. (सही) दगडोबा नागोराव घोगरे, मुखेड. वकीलबाई म्हणतात फक्त सही करा. तरी लिहितो. नालीवाला शेजारी मीच. किल्ली माझ्याकडं द्या.