ग्लेनिसचं सोमवारचं माप

सोमवार, ६ ऑक्टोबर १९५८

पुन्हा अर्धा इंच! पोरगी आहे की भोपळ्याचा वेल? टीव्हीच्या मालिकेत ग्लेनिस तिसऱ्या वर्षीही सात वर्षांचीच. खरी अकरा पूर्ण! कपडे सांभाळणारी म्हणून दर सोमवारी मी तिचं माप घ्यायचं, कार्डावर लिहायचं, कार्ड निर्माते ब्रॉडीसाहेबांकडे. त्यांनी बजावलंय — "सव्वाचार फुटांवर गेली की दुसरी मुलगी बघू." मी लिहिलं, सव्वाचार. वरचे दोन इंच गिळले!

मालिकेतल्या थोरल्या मुलीला मागच्या वर्षी 'कॉलेजला' पाठवलं, म्हणजे काढूनच टाकलं. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर तिचं कुणी नावही काढलं नाही. ग्लेनिसचं तसं होऊ देणार नाही. जीव जडलाय माझा तिच्यावर.

बुधवार, ८ ऑक्टोबर

फ्रॉकची दुमड उसवून खाली सोडली. जुन्या दुमडीची रेघ दिसते म्हणून वर लेस. कंबर वर चढवली, कॉलर बशीएवढी केली. बुटांच्या टाचाही काढल्या.

सुतार गसला विश्वासात घेतलं. त्याने सेटवरच्या जेवणाच्या टेबलाचे पाय वीतभर वाढवले, म्हणजे टेबल ग्लेनिसच्या हनुवटीशी येईल आणि ती लहान दिसेल. झालं भलतंच! टाय लावून जेवायला बसलेले टीव्हीचे बाबा ओरडले, "गस, मी जेवतोय की पोहतोय?" हसून हसून पोटात दुखलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

टीव्हीच्या आईला मोत्यांची माळ घालून फरशी पुसायची होती. माळ मीच अडकवली. हे घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "तू का नाही गं मोती घालून अंडी तळत?"

"तू टाय लावून जेवायला बस, मग तळते!"

बसला होता बनियनवर.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आणखी पाव इंच. कार्डावर सव्वाचार.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ब्रॉडीसाहेब खुद्द कपड्यांच्या खोलीत! ग्लेनिसकडे नुसते बघत राहिले. "व्हेल्मा, ही वाढली का?"

"छे हो! लेसमुळे उंच वाटते."

गेले एकदाचे. ग्लेनिसला जवळ घेतलं — "घाबरू नकोस, मी असेपर्यंत तुला कुणी काढत नाही." ती नुसती बशीएवढी कॉलर ओढत राहिली. पोर भेदरली असणार.

सोमवार, २० ऑक्टोबर

मापाला उभी राहिली आणि म्हणाली, "व्हेल्मामावशी, आज खरं लिही ना. मला जाऊ दे. तीन वर्षं मी सातच वर्षांची आहे."

टेप हातातच राहिली. मग लिहिलं — चार फूट पावणेसहा इंच.