धवलारणीचा मुलगा

आये, परवा तुझ्या नातीचं लगीन आहे आणि मला एका जागी बसवत नाही. मंडप माझा, भोंगे माझे, खुर्च्या माझ्या; तरी सकाळपासून चार वेळा वायरी तपासून आलो. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. आता शहापूर-मुरबाडात माझे तीन टेम्पो फिरतात, लोक शेठ म्हणतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शेठ, आदी जेवून घे."

आपल्यात लगीन लावायची ती धवलारीण. तू पाटावर बसून धवले गायचीस आणि त्या गाण्यांनीच लगीन लागायचं. माझे कान तिखट. तुझ्या पदराशी बसून सगळे धवले कधी पाठ झाले, कळलंही नाही. मग माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक वाशिंदला जमली. नवरा कंपनीत कामाला, मंडप-भोंगे माझे, लगीन लावायला भटजी त्यांच्याकडचा. तरी तू नवं लुगडं नेसून पाटावर बसतेस, गळा साफ करतेस, सुरुवात करतेस. नवऱ्याचा मामा माझ्या खांद्याशी येऊन म्हणतो, "काय मंडपवाले, तुमच्यात अजून बाईच लगीन लावते? बापे काय बांगड्या भरून बसलेत?" भोवतालचे हसले. मीही हसलो, आणि सिनेमातल्या गाण्यांची कॅसेट लावून आवाज वाढवला. तुझे ओठ हलत होते. तू अर्ध्यात थांबली नाहीस. शेवटच्या ओळीपर्यंत गायलीस, कुणालाच ऐकू न येता. संध्याकाळी भांडी आवरताना विचारलंस, "मशीन बिघडली व्हती का रे?" मी म्हणालो, "बटण अडकलं व्हतं." "व्हतं कदी कदी," एवढंच म्हणालीस. त्यानंतर कुणी लगीन लावायला बोलवायला आलं की तुझे गुडघे दुखायचे.

आता ही पोरगी, कॉलेज शिकलेली, हट्ट धरून बसली आहे की धवलारीणच पाहिजे. डोळखांबपर्यंत फिरलो. एक म्हातारी सापडली, ती अंथरुणाला खिळलेली. तिच्या सुना लाजेपायी शिकल्याच नाहीत. काल पोरगी म्हणाली, "बाबा, तुमाला येतं. टेम्पो चालवताना गुणगुणता ना? तुमीच म्हणा."

"बाप्यानं धवले म्हणायचे? लोक बायल्या म्हणतील गो."

"आजीला पन हसत व्हते. ती लाजली का?"

मी मान फिरवली. "मला नाय येत. विसरलो."

आज दुपारी माइक तपासायला उभा राहिलो, तर हॅलो म्हणायच्या जागी तुझा पहिला धवला बाहेर पडला, बारीक, तुझ्याच चालीत. खुर्च्या लावणारे गडी एकमेकांना कोपर मारून हसायला लागले. माझा हात बटणावर गेला. तिथंच राहिला. कसाबसा शेवटच्या ओळीपर्यंत गेलो आणि मागं वळलो, तर पोरगी दारात उभी. तिनं आत जाऊन तुझा पाट काढला आणि धुवायला घेतला.

परवा दोनशे माणसांसमोर आवाज निघेल का, ठाऊक नाही. हा कागद जुन्या कॅसेटींच्या डब्यात ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार? तुला बहुतेक कळलंच होतं, तरी माझ्या तोंडून ऐकायचं राहिलंय. त्या दिवशी बटण अडकलं नव्हतं, आये.